मास्तरांचा घसा बसला तो दिवस

नातू बॅटीला जवसाचं तेल चोळत बसला की त्या वासानं मी थेट धाराशिवच्या शाळेमागच्या मैदानात जाऊन उभा राहतो. निजामाच्या अमलातली शेवटची वर्षं. आमचे ड्रिलमास्तर हॉकीच्या काठ्यांना असंच तेल लावायचे, तान्ह्या पोराच्या अंगाला लावावं तसं. फौजेतून आलेला माणूस. आमच्यावर त्यांचा जीव होता, पण चेंडू कुणाकडंही असो, रेषेबाहेरून हुकूम त्यांचाच. "रोक. दे. अब मार." त्याआधी काठी हलली की पोटरीवर छडी बसायची.

तुळजापूरच्या पोरांशी सामना होता, त्या दिवशी ओरडून ओरडून मास्तरांचा घसा बसला. शेवटी शेवटी चेंडू गुंडूकडं आला. धनगराचं पोर, काठी हातात घेऊनच वाढलेलं. गोलकीपर घसरून पडलेला, समोर मोकळा गोल. गुंडूनं चेंडू थांबवला आणि मागं वळून विचारलं, "मास्तर, मारू का?"

मास्तर दोन्ही हात हलवत होते. तोंड उघडत होतं, आवाज फुटत नव्हता. तेवढ्यात तुळजापूरच्या पोरानं चेंडू काढून नेला.

तेव्हा आम्ही गुंडूला लई शिव्या दिल्या. आता आठवतं ते मास्तरांचं उघडं तोंड.

काल नातवाचा खेळ बघायला गेलो. प्रत्येक चेंडूआधी तो रेषेबाहेरच्या सरांकडं बघत होता. "तिकडं बघू नको," असं ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तोही हुकूमच झाला असता.