वरवंट्याचा सुरा

मी आयुष्यात एकच हत्यार बनवलं, आणि तेही एका बाळाच्या बारशाच्या आदल्या दिवशी.

तुमची आई तेव्हा पाचवीत होती आणि आम्ही अंधेरीला राहत होतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला अश्मयुगातला सुरा करून न्यायचा होता. पुठ्ठ्याचा चालेल, असं बाईंनी सांगितलं होतं. पण मी पालकसभेत उभी राहिले आणि (सगळ्यांसमोर, इंग्रजीतून!) जाहीर केलं, "आमचा सुरा दगडाचाच असेल आणि तो काकडी कापेल."

झालं! वाचनालयातून जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, वहीत समास आखून टिपणं काढली. हवा होता एक काळा, घट्ट दगड आणि त्यावर घाव घालायला दुसरा, गुळगुळीत दगड. काळा दगड गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी मिळाला. तो मी पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून घरी आणला. (शेजारणींनी विचारायला नको!)

शनिवारी दुपारी गॅलरीत गोणपाट अंथरून बसले. डोळ्यांना तुमच्या आजोबांचा स्कूटरवरचा गॉगल.

"अगं, हातोडी देऊ का?" आजोबांनी विचारलं.

"अश्मयुगात हातोडी नव्हती."

"आणि गॉगल होता?"

मी गॉगल नीट बसवला. गुळगुळीत दगड घरात एकच होता, पाट्यावर चटणी वाटायचा सासूबाईंचा वरवंटा. सासूबाई बारशासाठी चेंबूरला, माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. तो मी उचलला.

दहा घाव घातले. ढिम्म!

"आई, पुठ्ठ्याचा करू ना!" तुमची आई रडकुंडीला आली.

"आपण काकडी कापणार आहोत," मी म्हटलं आणि अकरावा घाव घातला.

गिल्बर्ट हिल जसाच्या तसा. वरवंट्याचे दोन तुकडे! मात्र त्याचीच एक पातळ कपची उडाली होती. मी ती उचलली आणि बोटातून भळकन रक्त आलं.

"अहो, कापतंय! कापतंय!" मी आनंदाने ओरडले.

"आईचा वरवंटा!" आजोबा मटकन खाली बसले. "वाट लागली!"

तेवढ्यात खालच्या मजल्यावरून हाक आली, "वहिनी, चेंबूरहून फोन!"

फोनवर सासूबाई. "अगो, उद्या येताना वरवंटा आण. आपल्या घरातली सगळी बारशी त्याच्यावरच झाली. हिच्याकडे नुसता मिक्सर. त्याला काय कुंची घालू?"

(तिकडे परदेशात तुम्हाला हे कोण सांगणार? बारशाला वरवंट्याला झबलं-कुंची घालून त्याचं बाळ करतात, आणि बायका ते पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात.)

मी हरणार नव्हते. दोन्ही तुकडे डिंकाने जोडले, वर अख्खा चिकटपट्टीचा रोल गुंडाळला, ते सगळं आजोबांच्या पायमोज्यात कोंबलं आणि त्यावर झबलं-कुंची चढवली.

"घरूनच सजवून आणलास? केवढी गो तुझी हौस!" सासूबाई खूश झाल्या.

पहिल्या फेरीत मान जरा हलली. दुसरीत डुगडुगली. तिसऱ्या फेरीत नणंदेने कुंची धरून बाळ उचललं आणि धप्प! धड खाली पडलं, कुंचीतलं डोकं तिच्या हातात!

"वहिनी!" नणंद किंचाळली. पाळण्यातलं खरं बाळ तेवढं शांत झोपलं होतं.

सासूबाईंनी पायमोज्यातून लोंबणारी चिकटपट्टी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "काय केलंस?"

तुमच्या आईने लगेच कंपासपेटी उघडून कपची काढली. "आजी, आईने त्याचा सुरा केला!"

सासूबाईंनी काकडी मागवली. कपची टेकली आणि चकती अलगद पडली!

"धार बरी आहे," त्या म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास घेतला, तोच त्या सगळ्यांकडे वळल्या. "लोकांच्या सुना शिकून पुढे जातात. आमची बी.ए. झाली नि थेट अश्मयुगात पोचली!"

सोमवारी प्रदर्शनात सुऱ्याने काकडी कापली. संध्याकाळी घरी परतलेल्या सासूबाईंनी गिल्बर्ट हिलचा तो ओबडधोबड दगड पाट्यावर आणून ठेवला. "हा तुझ्याच्याने फुटत नाही. आता यानेच वाट."

तेव्हा मी अश्मयुगात नुसती पोचले, हे खरं नाही. मी तिथे चांगली तीन वर्षं चटणी वाटत राहिले!