हत्तीवैद्याची कोंबडी

तमिळ लोकांच्या आडी महिन्यातला दुसरा मंगळवार. ठिपक्यांची कोंबडी एक, घेतलेली किंमत सहा आणे. हजर माणसं चार: मी, माझी बायको अंबू, देवळाचे कारभारी अय्यर आणि सुभानजी मामा. अय्यर भुईभाड्यासाठी आले होते आणि कोंबडी पाहून ओट्याखाली रस्त्यावरच उभे राहिले होते. कोंबडी परसातून पुढे आणली होती अंबूने, कारण तिने सकाळपासून दाणा टिपला नव्हता. मान खाली, पंख सैल, डोळ्यांवर पापणी ओढलेली.

मामांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "सोंड गार आहे काय?"

"मामा, ही कोंबडी आहे," अंबू म्हणाली.

"ते दिसतं की. मग चोच पाहा."

सुभानजी मामा माझे मामा नव्हते. कुंभकोणातल्या आम्हा मराठी घरांत वयाने मोठ्या माणसाला काहीतरी म्हणावं लागतं, म्हणून मामा. तमिळ लोक त्यांना आनैवैद्यर म्हणत, म्हणजे हत्तीवैद्य. तंजावरच्या वाड्यातल्या हत्तीखान्यात त्यांचे आजे वैद्य होते, वडील होते आणि काही वर्षं ते स्वतः होते. मग महाराज वारले, पुरुष वारस नाही म्हणून कंपनीने राज्य खालसा केलं आणि हत्ती विकले गेले. हत्तींना गिऱ्हाईक मिळालं, हत्तीवैद्याला मिळालं नाही. मामा मुलाबरोबर कुंभकोणात आले. मुलगा विड्याच्या पानांच्या दलालाकडे कारकून झाला. मामा काही झाले नाहीत. मी सांगतो आहे ती गोष्ट घडली तेव्हा त्यांना रोग्याला हात लावून बत्तीस वर्षं झाली होती, आणि शेवटच्या रोग्याचं काय झालं हे ते सांगत नसत.

त्यांची एक सवय साऱ्या गावाला ठाऊक होती. देवळाची हत्तीण रोज पहाटे कावेरीवर अंघोळीला जाई. तिच्या मागे, बरंच अंतर ठेवून, पागोटं घातलेले मामा जात. अंतर ठेवण्याचं कारण माहूत कुट्टन. तो मलबारचा, आणि परक्या माणसाने हत्तिणीजवळ आलेलं त्याला खपत नसे. मामा जवळ गेले की तो अंकुश उचले. म्हणून मामा हत्तिणीऐवजी तिची लीद पाहत. रस्त्यात थांबून, वाकून, काठीने ती उलगडत, हुंगत आणि "आज ठीक" असं म्हणून पुढे जात. पोरं हसत. मामा त्यांना सांगत, "हसा. वाड्यात हे काम राजासमोर करीत होतो."

अय्यरांच्या मागे त्यांनी वर्षभर लकडा लावला होता: देवळाने हत्तिणीसाठी वैद्य नेमावा. त्या मंगळवारी अय्यरांना कोंबडी दिसली आणि सुटका दिसली. ते तमिळमध्ये म्हणाले, "वैद्यरे, आडी संपायच्या आत ही कोंबडी दाणा टिपू लागली तर हत्तिणीला हात लावू देतो. पुढे तिला गरज आहे असं दिसलं तर महिना दोन रुपये बांधून देतो. झालं?"

ते हसत म्हणाले. मामा हसले नाहीत. "झालं," म्हणाले, आणि मला म्हणाले, "रामोजी, तू ऐकलंस."

मी पितळी भांड्यांच्या पेढीवर हिशेब ठेवतो. ऐकलेलं विसरण्याची मला सोय नाही.

मामांना औषधं येत होती ती हत्तीची. अन्नावरची वासना गेली तर मिरी पावशेर, लसणाचे गड्डे शंभर, विड्याची पानं हजार, शिवाय जिरं, हळद, गूळ, आणि हे सगळं कुटून भाताच्या गोळ्यात घालायचं. कोंबडीला किती, हे त्यांच्या ग्रंथात नव्हतं. ते माझ्यावर सोपवलं गेलं. हत्ती रोज तांदूळ किती खाई ते त्यांना पाठ होतं, कोंबडी किती खाई ते अंबूला. त्यावरून मी भाग काढला. तो दोन हजारांतला एक आला. त्या हिशेबाने कोंबडीला मिरं पाऊण, लसणाची पाकळी अर्धी आणि विड्याचं पान अर्धं.

अंबू म्हणाली, "एवढं तर मी तुम्हाला न विचारता दिलं असतं. आमच्या आईने कोंबड्यांना हेच दिलं."

"तुझ्या आईने अंदाजाने दिलं," मामा म्हणाले. "अंदाजाने दिलेलं औषध लागू पडलं तरी ते औषध नव्हे."

मिऱ्याचा पाव भाग उरला. तो त्यांनी कागदात बांधून अंबूला परत दिला. वाड्याचा नियम होता: उरलेलं कोठारात जमा.

दुसरा नियम मला जड गेला. हत्तीला द्यायचं औषध आधी माहुताने त्याच्या देखत खायचं, म्हणजे जनावराला भरवसा येतो. कोंबडीचा माहूत कोण, यावर चर्चा झाली नाही. मी उकिडवा बसून, तिच्या डोळ्यांसमोर, हरभऱ्याएवढा गोळा खाल्ला. कोंबडीने पापणी उघडली नाही.

"तिला भरवसा आला काय?" मी विचारलं.

"तुझं तोंड वाकडं झालं. हत्ती असता तर फेकून दिला असता तुला. पुन्हा खा."

मामा तिच्याशी बोलत ते आदराने. वाड्यातल्या हत्तिणींना अरे-तुरे करण्याची रीत नव्हती. सकाळी ते दारातून विचारत, "बाईसाहेबांनी रात्री लीद टाकली काय? रंग कसा?" अंबू पदर तोंडाला लावून रंग सांगे. मग तुऱ्याला एरंडेल लावणं आणि पायाला दोरी बांधून परसात दोन फेऱ्या. शेजारची तायम्मा कुंपणावरून हे पाहून म्हणाली, "अय्यो, राजाची माणसं! कोंबडीलाही मिरवणूक लागते." मामांनी तिला सांगितलं, "हत्तीचं दुखणं हत्तीएवढं नसतं, बाई, आणि कोंबडीचं कोंबडीएवढं नसतं. तेवढंच असतं, जेवढं तुझं."

तिसऱ्या दिवशी कोंबडी बसली ती उठेना. इथे मामांचा चेहरा बदलला. आजारी हत्ती बसला की संपला. स्वतःच्याच वजनाने त्याची छाती दबते. वाड्यात अशा हत्तीला तुळयांना जाड पट्टे बांधून उभा टांगून ठेवत. मामांनी माझं जुनं धोतर मागितलं, परसातल्या पेरूच्या फांदीला झोळी बांधली, तिला दोन भोकं पाडली, आणि कोंबडीचे पाय जमिनीला टेकतील अशा बेताने तिला उभी केली. काम सुबक होतं. कोंबडी दुपारपर्यंत तशी उभी होती. दुपारी तिचे पाय थरथरू लागले आणि चोच उघडीच राहिली.

अंबू स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं, आणि ती मामांशी कधी बोलत नसे तशा आवाजात बोलली. "मामा, कोंबडी बसते. बरी असली तरी बसते, अंडं घालायचं तरी बसते. बसणं हे तिचं कामच आहे. सोडा तिला."

"बसली तर जाईल."

"ही तुमची हत्तीण नाही!"

 मामांचे हात झोळीच्या गाठीवर होते आणि गाठ सुटत नव्हती. मग ते म्हणाले, अंबूला नव्हे, झाडाला म्हटल्यासारखे, "ती पण बसली होती. मी जेवायला गेलो होतो." त्यावरून शेवटच्या रोग्याचं काय झालं ते आम्हाला कळलं. अंबूने विळीने धोतर कापलं. धोतर जुनं होतं, तरी चार महिने चाललं असतं.

तिने कोंबडीला भाताच्या तुसात, टोपलीत, चुलीच्या उबेला बसवलं आणि ताकाचं पाणी बोटाने चोचीत सोडलं. मामा ओट्यावर बसून राहिले. संध्याकाळी आत आले आणि टोपलीपाशी वाकून म्हणाले, "बाईसाहेब, बसा. ग्रंथात कोंबडी नाही. मी शिकतो आहे." त्यानंतर औषधाची गोळी मामांची आणि टोपली अंबूची, असं चाललं. मी गोळी आधी खायची हे मात्र चालूच राहिलं. त्याबद्दल दोघांचं एकमत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी मामा चौकशीला वाकले तेव्हा कोंबडीने त्यांच्या पायाच्या अंगठ्याचं नख टिपलं. मामा तसेच वाकलेले राहिले. "पुन्हा," ते म्हणाले. तिने पुन्हा टिपलं. अंबूने तांदळाच्या कण्या टाकल्या, त्याही तिने टिपल्या. रक्त आलं होतं, पण मामांनी अंगठा पुसू दिला नाही. अय्यरांना दाखवायचा होता.

अय्यर आले. कोंबडी उकिरड्यावर पाय झाडत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ही कोंबडी ठणठणीत आहे. ही तीच कशावरून? अशा ठिपक्यांच्या बाजारात पन्नास मिळतात."

 बरा झालेला रोगी हा कोणासारखाही दिसतो. मामा माझ्याकडे बघू लागले.

"तीच आहे," मी म्हणालो.

"रामोजी, तुम्ही सांगता म्हणून मानतो. बरी कोणी केली? वैद्यरांनी?"

मी खरं ते सांगितलं. औषध मामांचं, टोपली अंबूची. कोणाचा किती भाग, हे मला काढता आलं नाही. तसंच, एक दिवस मामांनी तिला जवळजवळ मारली होती, हेही मी सांगितलं. मामांनी मान हलवली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "झोळी माझी चूक."

 अय्यर म्हणाले, "सरि, ठीक आहे. उद्या सकाळी या."

दुसऱ्या दिवशी मामा धुतलेलं धोतर नेसून आले. मी बरोबर होतो. देवळाच्या मागच्या अंगणात हत्तीण नारळाच्या झावळ्या खात होती. कुट्टन हात बांधून उभा होता आणि अंकुश त्याच्या काखेत होता. मामांनी वहाणा काढल्या, पागोटं माझ्या हातात दिलं, डाव्या बाजूने जाऊन हत्तिणीला वाड्यातल्या हत्तीखान्याचा एक मराठी शब्द सांगितला. हत्तिणीला मलयाळम समजत होती. तिने काही केलं नाही. मामांनी तळहात तिच्या कानामागे ठेवला आणि तसाच राहू दिला. मग जबड्याखाली, मग गुडघे, मग एकेक नख. नखं पाहायला ते जमिनीवर बसले. उठायला त्यांना कुट्टनने हात दिला. मामा म्हातारे होते आणि तो जवळ होता.

अय्यरांनी विचारलं, "काय आढळलं?"

हत्तीच्या अंगात काढायचंच म्हटलं तर काहीही काढता येतं, हे मामांनीच मला एकदा सांगितलं होतं: नखाला भेग, कातडी कोरडी, पोटात वारा. महिना दोन रुपये म्हणजे त्यांच्या मुलाच्या पगाराचा तिसरा हिस्सा. सुनेने त्या दोन रुपयांत काय काय आणायचं तेही ठरवलं होतं. मामांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांचा हात अजून हत्तिणीच्या पायावर होता.

"काही नाही," ते म्हणाले. "जनावर निरोगी आहे. हा माहूत चांगला आहे."

"मग देवळाने दोन रुपये कशाला द्यायचे, वैद्यरे?"

"तेच म्हणतो. देऊ नका."

अय्यर हिशेबी माणूस. बोलावून तपासणी करवली त्याचा एक रुपया त्यांनी कनवटीचा काढून दिला. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, डोळ्यांना लावला, आणि वळून कुट्टनपुढे धरला. म्हणाले, वाड्याची रीत आहे, वैद्याची पहिली दक्षिणा माहुताची. अशी रीत होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. हत्तीखान्याचे हिशेब मी पाहिलेले नाहीत. कुट्टनने रुपयाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, आणि अंकुश भिंतीला टेकवून ठेवला.

सून आठ दिवस मामांशी बोलली नाही. मामा त्यानंतर तीन वर्षं जगले. त्या तीन वर्षांत पहाटे कावेरीच्या पायऱ्यांवर कोणी गेलं तर त्याला हत्तीण पाण्यात आडवी झालेली दिसे आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून नारळाच्या सोडणाने तिचा मागचा पाय घासणारे मामा दिसत. कुट्टन पुढचा पाय घाशी आणि ओरडे, "जोरात, वैद्यरे, जोरात!"

देवळाने या कामी दिलेली एकूण रक्कम रुपया एक. मिळाला कुट्टनला.