चढाच्या बाजूची काठी

साडू तपासणीला येणार, हे मोजणीदाराला कार्यालयातून नव्हे, बायकोकडून कळलं. तिला तिच्या धाकट्या बहिणीने फोनवर सांगितलं होतं.

"बरं झालं, घरचंच माणूस येतंय," बायको म्हणाली.

"घरचं माणूस घरी. तिथं त्याला साहेब म्हणावं लागेल."

"म्हणा की. जीभ झिजणार आहे का?"

वनखात्यात झाडांचे घेर मोजण्यात मोजणीदाराची सव्वीस वर्षं गेली होती. देशाच्या जंगलांचा वीस वर्षांचा नवा आराखडा तयार होत होता, आणि त्यातलं मुख्य सूत्र कुणालाही कळेल इतकं साधं होतं: दर वर्षी जंगल जेवढं वाढतं त्याहून जास्त लाकूड तोडायचं नाही. मात्र जंगल किती वाढलं हे राजधानीत बसून कळत नाही. त्यासाठी जंगलात जागोजागी, चार कोपऱ्यांना दगड रोवून, नमुन्याचे चौकोन आखलेले असतात आणि त्यांतलं प्रत्येक झाड दर दहा वर्षांनी मोजतात. या विभागात असे एकशे चाळीस चौकोन होते. गेल्या तिन्ही खेपांना ते मोजणीदारानेच मोजले होते. कुठल्या चौकोनाचा कुठला दगड पालापाचोळ्याखाली गेलाय, हे त्याला विचारल्याशिवाय कुणाला सापडत नसे.

साडू त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. पदवी घेऊन थेट राजधानीतल्या नियोजन कक्षात लागला, परदेशात सहा महिने शिकून आला. सासरच्या बैठकीच्या खोलीत त्याचा मंत्र्यांबरोबरचा फोटो होता. त्या फोटोचा खिळा मोजणीदारानेच ठोकला होता. "तुमचा हात मापाचा, तुम्हीच लावा," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि त्याने तो सूतभरही तिरका न होऊ देता लावला होता. थोरल्या जावयाचा फोटो त्या भिंतीवर नव्हता. त्याने कधी दिलाही नव्हता, पण कुणी मागितलाही नव्हता.

मोजणीदाराची यंदाची मापं पुन्हा मोजून ताडण्यासाठी अठरा चौकोन निवडले होते, सगळे उभ्या उतारावरचे. साडू सकाळी सातला जीपमधून उतरला, नवे बूट, गळ्यात नकाशाची पिशवी. पहिल्यांदा मोजणीदाराच्या गुडघ्याची चौकशी केली.

"दादा, चढवेल ना? नाहीतर तुम्ही खालूनच दाखवा."

"चढवेल, साहेब."

"अहो, साहेब काय? ताईने ऐकलं तर मला घरात घेणार नाही."

हेच मोजणीदाराला सहन होत नसे. माणूस शिष्ट असता तर बरं झालं असतं. शिष्ट माणसाचा राग करायला कष्ट पडत नाहीत.

घेर कुठे मोजायचा हे ठरलेलं असतं: जमिनीपासून एक मीटर तीस सेंटीमीटरवर. तेवढ्या लांबीची काठी झाडाला लावायची आणि तिच्या टोकापाशी टेप फिरवायची. उतारावर मात्र काठी नेहमी चढाच्या बाजूच्या जमिनीवर टेकवायची. खालच्या बाजूला टेकवली तर माप बुंध्याकडे घसरतं, आणि बुंध्याकडे झाड जाडच असतं. साडूने पहिल्या झाडाला काठी लावली ती खालच्या बाजूने. पायवाट खालून जात होती, वर काटेरी झुडपं होती, आणि इतकी वर्षं त्याचा जंगलाशी संबंध आला होता तो बहुतेक संगणकावर.

मोजणीदाराने तोंड उघडलं. मग मिटलं.

मूळ मोजणी करणाऱ्याने तपासणीत फक्त दगड दाखवायचे, आकडे सांगायचे नाहीत, असा नियम होता. नियम आकड्यांपुरता होता, काठीबद्दल त्यात काही नव्हतं. तरी त्या दिवशी तो नियम मोजणीदाराला फार आवडला. "एकशे अठ्ठावन्न," साडू लिहून घेत म्हणाला. मोजणीदाराच्या वहीत त्या झाडापुढे एकशे चोपन्न होतं. दुसऱ्या झाडालाही काठी खालूनच. तीन दिवसांत अठरा चौकोन झाले आणि मोजणीदार तिन्ही दिवस इतका खुशीत होता की बायकोने विचारलं, "मग? पटलं ना घरचं माणूस?"

"पटलं," तो म्हणाला.

त्याने मनात सगळं ठरवलं होतं. दोन्ही आकडे वेगळे निघतील, वरिष्ठ विचारतील, आणि मग भरल्या बैठकीत तो सांगेल की राजधानीहून आलेल्या साहेबांना काठी कुठे टेकवायची हे ठाऊक नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. आकडे वेगळे निघाले होते, हे खरं. पण तपासणीचा आकडा अंतिम धरायचा, असा खात्याचा रिवाज. मोजणीदाराने सगळीच झाडं कमी मोजली असं मानून एकशे चाळीसही चौकोनांचे घेर वाढवले होते. कागदावर जंगल एका फटक्यात जाड झालं होतं, दहा वर्षांची वाढ जवळपास दीडपट दिसत होती, आणि विभागातली वर्षाची तोड अकरा हजार घनमीटरवरून सोळा हजारावर गेली होती. सदोष मोजणीबद्दल मोजणीदाराने बैठकीत खुलासा करावा, असं खाली लिहिलं होतं.

त्याने पत्र दोनदा वाचलं. सोळा हजार म्हणजे पहिल्या पाच वर्षांतच उभा उतार साफ. खड्डा त्याने साडूसाठी खणला होता, पण त्यात तो स्वतः पडला होता आणि जाताना जंगलही घेऊन गेला होता.

बैठकीत लांब टेबलाभोवती नऊ जण होते. मुख्य वनाधिकाऱ्यांनी विचारलं, "सव्वीस वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक?"

"चूक माझी नाही, साहेब. तपासणीत काठी उताराच्या बाजूला लावली होती. अठराही चौकोनांत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तिथेच उभा होतो."

"मग तिथेच का नाही सांगितलं?"

पंखा फिरत होता. नियमाचं नाव घेता आलं असतं. पण समोर साडू बसला होता आणि मोजणीदाराकडे उत्सुकतेने बघत होता, जणू उत्तराची त्यालाही तितकीच गरज होती.

"बरं वाटत होतं," मोजणीदार म्हणाला. "चुकताना बघायला."

कुणीतरी खोकलं. साडूने पेन खाली ठेवलं.

"दादा म्हणतात ते बरोबर आहे. मी खालूनच मोजलं. चूक माझी. दादा यायला तयार असतील तर अठराही चौकोन पुन्हा मोजतो. तोपर्यंत अकरा हजारच धरा."

मुख्य वनाधिकाऱ्यांचा चेहरा निवळला. चूक इतक्या मोकळेपणाने मान्य करणारे अधिकारी खात्याला हवे आहेत, असं ते म्हणाले आणि ते इतिवृत्तात लिहून घेतलं. मोजणीदाराला माहिती दडवल्याबद्दल लेखी समज मिळाली.

रविवारी सासरी जेवताना सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमच्या धाकट्या जावयाने नऊ जणांसमोर आपली चूक कबूल केली. मन मोठं लागतं त्याला."

"अहो, तुमचंच तर बरोबर होतं ना?" बायको हळूच म्हणाली. "मग तोंड का असं?"

"जेव तू."

पुढच्या सोमवारी दोघं पुन्हा उतारावर गेले. साडूने एकदाच विचारून घेतलं आणि काटे ओलांडून प्रत्येक झाडाच्या चढाच्या बाजूला गेला. हात ओरबाडले, कुरकुर केली नाही. मोजणीदार वही उघडून आकडे ताडत होता. एकशे चोपन्न. एकशे चोपन्न. नव्वद. नव्वद. चार दिवसांत अठराही चौकोन जुळले. अकरा हजार पक्के झाले आणि उतार उभा राहणार हेही पक्कं झालं. मोजणीदाराला तेच हवं होतं. तरी शेवटच्या चौकोनात, निदान एका झाडात तरी साडूचा सेंटीमीटरभर फरक यावा, म्हणून तो वहीच्या कडेवर बोट दाबून वाट बघत राहिला. आला नाही.