इम्पोर्टेड बूच

हसणार नसाल तर सांगतो. छे, हसणारच तुम्ही! हसा. पण आधी तो चहा संपवा, नाहीतर नाकात जाईल आणि पुन्हा माझ्याच नावाने ओरडाल.

तर, माझं जेट विमान. खेळणं म्हणू नका हां, डोकं फिरतं माझं! माणूस बसत नाही एवढंच, बाकी सगळं खरं. आमच्या दिवाणाएवढं लांब, वरून पांढरं, पोटाला लाल. आत खरंखुरं टर्बाइन. रॉकेलवर चालतं आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. मी डोंबिवलीत एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. दिवसभर दुसऱ्यांची मशीन चालू करून देतो. म्हटलं, हे काय विशेष आहे!

आता घरची परिस्थिती ऐका. माझी बायको स्मिता दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते. चकल्या किचनमध्ये, विमान हॉलमध्ये दिवाणावर, मधे फक्त एक पडदा. एके दिवशी शेजारच्या काकू डबा घेऊन परत आल्या. "स्मिता, चकली मस्त खुसखुशीत झालीय गं. पण रॉकेलचा वास येतोय."

काकू गेल्या. स्मिता पडदा सारून बाहेर आली. ती ओरडली असती तर मी घाबरलो नसतो. ती हळू आवाजात बोलली.

"दिवाळीच्या आत हे माझ्या डोळ्यांसमोर उडालं तर घरात राहील. नाहीतर हे घराबाहेर. आणि वास आजच्या आज बंद!"

मी लगेच कामाला लागलो. वास कुठून येतोय? तर विमानाच्या पोटाखाली टाकीची एक बारीक नळी बाहेर निघते, तिथून. झालं, भोक बुजवायचं! किचनमध्ये परातीत चपात्यांची कणीक झाकून ठेवलेली. त्यातली सुपारीएवढी घेतली, नळीत ठासून भरली. पण मी नीटनेटका माणूस! पांढरं बूच लाल पोटावर दिसायला नको, म्हणून कपाटातलं स्मिताचं लाल नेलपेंट वरून लावलं. काय रंग जुळला म्हणता! मलाच सापडेना, कुठे बुजवलं ते.

वास बंद. स्मिता खूश. "काय लावलंस रे?"

"इम्पोर्टेड सीलिंग कंपाऊंड आहे," मी म्हटलं. "तुला नाही कळणार."

कशाला बोललो मी हे? पण बोललो!

आमचं मैदान म्हणजे कल्याणच्या पुढे बंगल्यांच्या प्लॉटसाठी केलेला सिमेंटचा रस्ता. रस्ता झाला, बंगले आलेच नाहीत. जागेचे मूळ मालक धर्मादादा आम्हाला उडवू देतात आणि बांधावर बसून बघतात. सोबतीला माझा ठाण्याचा दोस्त बावतीस. तो आग विझवायचा सिलिंडर घेऊन विमानाच्या मागे उभा राहतो आणि प्रत्येक वेळी छातीवर क्रूस काढतो.

पहिल्या दिवशी रॉकेल भरायला गेलो तर हातपंप कुंथायला लागला. रॉकेल आत जाईना. म्हटलं, पंप भिकार! टाकीचं वरचं झाकण उघडलं, फनेलने ओतलं, झाकण घट्ट बसवलं. बटण दाबलं. स्टार्टर फिरला, आत आग धरली, आवाज चढत गेला, अंगावर काटा आला माझ्या. आणि फुस्स! विझलं.

छोट्या स्क्रीनवर काय आलं? 'ज्योत विझली.' अरे, ते दिसतंय मला! का विझली ते सांग ना!

पुन्हा चालू केलं, पुन्हा विझलं. इंजिन काढून बावतीसच्या गच्चीवर नेलं. बाटलीत रॉकेल घेतलं, नळी सोडली, तर पठ्ठ्या असा चालला की खालच्या मजल्यावरचे वर भांडायला आले. आता त्या बाटलीला झाकण नव्हतं, हे तुम्ही लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

बॅटरी बदलली. फिल्टर बदलला. इंजिनाचा पंपसुद्धा बदलला. गच्चीवर चालतं, मैदानात विझतं! मला काही सुधरेना. रात्री झोपेत मी "हवा, हवा" म्हणत होतो म्हणे. स्मिताने उठून पंखा वाढवला.

शेवटी धर्मादादा बांधावरून उतरून आले. "साहेब, तुमी एवरं शिकलेले, पन मना एक सांगा. जाग्यावाल्याला इचारलं काय?"

"कोणाला?"

"जो जागा राखतो त्याला. त्याच्या डोक्यावरून इमान नेनार, आनि त्याला नारलबी नाय?"

मी इंजिनिअर माणूस. मी काय असल्यावर विश्वास ठेवतो? पण नारळ फोडायला काय जातं, सांगा! फोडला. त्या दिवशी रॉकेल कमी होतं, म्हणून टाकी अर्धीच भरलेली. आणि काय आश्चर्य! इंजिन आधीपेक्षा कितीतरी जास्त वेळ चाललं. मग विझलं.

बावतीस माझ्याकडे बघायला लागला, मी बावतीसकडे.

"नारळाने फरक पडतोय रे," बावतीस म्हणाला.

"पडतोय ना! म्हणजे प्रमाण कमी पडतंय."

ऐका, प्रमाण! एवढं शिकून मी देवाला प्रमाण लावत होतो. पुढच्या खेपेला दोन नारळ, हार, पेढे. पण टाकी फुल भरलेली. लगेच विझलं! धर्मादादा म्हणाले, त्याला पेढे चालत नाय, त्याला विडी लागते. मी विडी पेटवून दगडावर ठेवली. विमान बाजूलाच, रॉकेलने भरलेलं! बावतीस "अरे वेडा झालास काय!" करत धावत आला आणि त्याने सगळा सिलिंडर विडीवर रिकामा केला. विडी, हार, पेढे, धर्मादादांची टोपी, सगळं पांढरंफटक!

"आता तो लय भरकला असंल," टोपी झटकत धर्मादादा म्हणाले.

आणि आला दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. स्मिता चकल्यांचा डबा घेऊन हजर. आज उडालं नाही तर विमान घराबाहेर. बोललेला शब्द ती फिरवत नाही, लग्नापासून बघतोय मी. तिने दगडावरचा हार बघितला, नारळ बघितले, नवीन विडी बघितली.

"हे तू केलंस? तू?"

"टेस्टिंगचा भाग आहे. तुला नाही कळणार."

पुन्हा तेच बोललो! जीभच कापून टाकायला हवी होती.

बटण दाबलं. आग धरली. आवाज चढला. आणि आतून आवाज आला, कटाक! विझलं.

मी वरचं झाकण काढून आत बघितलं. टाकी आत दबली गेलेली, चोखून टाकलेल्या आंब्यासारखी. कोणी दाबली? बाहेरच्या हवेने! म्हणजे रॉकेल जातंय, पण त्याच्या जागी हवा येत नाहीये. का येत नाहीये? हवा यायची नळी तर ठेवलेली आहे, पोटाखाली, बारीक...

अरे देवा!

तेव्हा माझं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. तेलाच्या डब्यालासुद्धा आपण दोन भोकं पाडतो हो! पण आता ते बूच स्मिताच्या नकळत काढायचं कसं? मी सरळ विमानाखाली आडवा झालो.

"काय करतोयस खाली?"

"काही नाही. जरा हेअरपिन दे."

"हेअरपिन? विमानाला?"

नखाने चाचपून जागा सापडली. पिन घातली, ओढली. टण्णकन बूच बाहेर आलं, आणि गेलं कुठे? घरंगळत थेट स्मिताच्या चपलेपाशी. मी झडप घातली, पण विमानाखालून झडप घालता येत नाही, डोकं आपटतं.

तिने उचललं. उलटंसुलटं केलं. नखाने खरवडलं. वास घेतला.

"ही कणीक आहे," ती म्हणाली. "आणि हे माझं नेलपेंट."

बावतीसने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"म्हंजे," धर्मादादा सावकाश म्हणाले, "जाग्यावाल्याचा काय दोषच नवता?"

"नव्हता."

"मंग फोरा अजून एक नारल. माफीचा!"

फोडला, काय करणार! टाकी दाबून जमेल तेवढी सरळ केली, रॉकेल भरलं, बटण दाबलं. आणि गेलं ना! सिमेंटवरून सुसाट धावलं, हवेत चढलं, लाल पोट दाखवत असं वळलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्मितानेसुद्धा टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, बावतीसला विचारा!

शब्दाप्रमाणे विमान घरात राहिलं. आज दिवाणावरच आहे, वास नको म्हणून टाकी मैदानातच रिकामी करून आणतो. पण किचनमधलं पीठ आता सगळं मी मळतो, चपात्यांचं आणि चकल्यांचंही. कोणी फराळ न्यायला आलं की स्मिता पडदा सारून मला दाखवते आणि म्हणते, "हे आमचे इंजिनिअर. यांच्या हातची कणीक इम्पोर्टेड असते."