नूरमोहम्मदला न सांगितलेली गोष्ट

तळेगाव दाभाड्याचे ज्योतीराम मिस्त्री चिंचवडला उद्धवरावांच्या कारखान्यात कामाला होते. कारखाना कसला, रुळांपलीकडचं एक पत्र्याचं छप्पर. तेव्हा पिंपरीला सरकारी औषध कारखान्याचं बांधकाम निघालं होतं. पाठोपाठ दुसरी बांधकामं आली आणि सगळ्यांना पाणी मारायच्या गाड्या हव्या झाल्या. उद्धवराव त्या बनवून द्यायचे. लोखंडी सांगाडा, दोन चाकं, वर आडवा बसवलेला जुना ड्रम. ड्रमला भोक पाडून तोटी बसवायची आणि भोवतीनं वेल्डिंग करायचं.

कारखान्यात वेल्डिंग एकट्या ज्योतीरामांना येत होतं. ड्रम भंगारातले; काहींत पूर्वी पेट्रोल असायचं, काहींत रॉकेल. रेल्वेच्या शेडमध्ये काम शिकताना त्यांना उस्तादानं बजावलं होतं की भरल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम वाईट, त्यात तेलाची वाफ कोंडलेली असते, ज्योत लागली की फुटतो. म्हणून ते प्रत्येक ड्रम उकळत्या पाण्यानं धुवायचे, मग जोडापर्यंत पाणी भरायचे, आणि मगच ज्योत लावायचे. काम चिकट आणि कंटाळवाणं. त्यात निम्मा दिवस जायचा आणि सांगाडे तसेच पडून राहायचे.

मागणी वाढली तसे उद्धवराव विचारात पडले. दुसरा वेल्डर ठेवावा की ड्रमचं काम बाहेर द्यावं?

ज्योतीराम म्हणाले, "बाहेर द्या, मालक. गावात नूरमोहम्मद हाय. हात सफाईदार हाय त्याचा. मी सांगाडे बघतो."

नूरमोहम्मद चिंचवड गावात खिडक्यांचे गज, फाटकं, नांगर वेल्डिंगनं झाळून द्यायचा. धाकटा भाऊ अन्वर मदतीला असायचा. उद्धवरावांनी जाऊन बोलणं केलं आणि बैलगाडीनं ड्रम पाठवले. ज्योतीरामांना हलकं वाटलं. ड्रम धुण्याचं पाणी उकळायच्या कढईखालचा जाळ त्यांनी त्याच दिवशी विझवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात भाकरी सोडली होती तेव्हा आवाज झाला. खाणीत सुरुंग लावला असेल असं वाटून कुणी उठलंही नाही. थोड्या वेळानं अन्वर आला. पायात वहाणा नव्हत्या, सदऱ्याची एक बाही जळालेली.

"ड्रम फुटला," तो म्हणाला, आणि जमिनीवर बसला.

सगळे धावत गेले. नूरमोहम्मदला लोकांनी मालट्रकमध्ये घालून पुण्याला नेलं होतं. दुकानाचं अर्धं छप्पर उडालं होतं. ड्रमचं बूड समोरच्या भिंतीत रुतलं होतं. नूरमोहम्मदची बायको झुलेखा दारात उभी होती. ज्योतीरामांकडे पाहत होती, पण ते तिला दिसत होते की नाही कोण जाणे.

परतताना उद्धवराव हळूच म्हणाले, "आपल्या छपराखाली झालं नाही हे नशीब समजा, मिस्त्री."

ज्योतीराम वाटेतच थांबले. अन्वरच्या तोंडून ऐकलं तेव्हा पहिल्या क्षणाला त्यांच्याही मनात हेच येऊन गेलं होतं. तेच शब्द दुसऱ्याच्या तोंडून त्यांना ऐकवेनात.

चार-आठ दिवसांनी ते दवाखान्यात गेले. नूरमोहम्मदचा उजवा हात मनगटापासून गेला होता. एका कानानं ऐकू येत नव्हतं, म्हणून झुलेखानं त्यांना दुसऱ्या बाजूला बसवलं.

"मिस्त्री, त्यात होतं काय?" नूरमोहम्मदनं विचारलं.

"पेट्रोल असंल."

"मग तुमच्याकडे कसा नाही फुटला?"

ज्योतीरामांनी धुण्याचं सांगितलं, पाणी भरण्याचं सांगितलं.

"मी गज झाळणारा माणूस," नूरमोहम्मद म्हणाला. "ड्रम कधी हातात धरला नव्हता. हे मला का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला ठावं असंल."

एवढंच होतं ते. ज्योतीरामांनी मनात पुन्हा पुन्हा शोधलं, पण दुसरं कारण सापडलं नाही. नूरमोहम्मदकडे ड्रम गेले, तोट्या गेल्या, खाली ठेवायला विटासुद्धा गेल्या. सांगायची चार वाक्यं तेवढी राहिली.

कारखान्यात आल्यावर उद्धवराव म्हणाले, "मोशीला एकजण वेल्डिंग करतो म्हणतात. त्याला विचारून बघू."

"न्हाई," ज्योतीराम म्हणाले. मालकाला नाही म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ. "ड्रम हितंच व्हतील. आन् धुवायला नूरमोहम्मदला घ्या. त्यानं बघून व्हय म्हटल्याशिवाय मी ज्योत लावनार न्हाई. जमत नसंल तर मी तळेगावला जातो."

उद्धवराव चिडले. पण त्या स्फोटानंतर मोशीचा माणूस ड्रमला हात लावायला तयार होईना. शेवटी नूरमोहम्मद कामावर येईल का, हे विचारायला ते स्वतःच झुलेखाकडे गेले.

नूरमोहम्मद कामावर आला तेव्हा पावसाळा सरला होता. अन्वर कढईतून पाणी ओतायचा, नूरमोहम्मद वाकून ड्रमच्या तोंडाशी वास घ्यायचा. पहिला ड्रम त्यानं तीनदा धुवायला लावला आणि जोडापर्यंत पाणी भरून घेतलं. मग म्हणाला, "लावा, मिस्त्री."

ज्योतीरामांनी वेल्डिंगची टॉर्च पेटवली, पण ती ड्रमला लावायचं धाडस होईना, म्हणून विझवली. ते बाजूला जाऊन बसले. नूरमोहम्मदही येऊन शेजारी बसला. ड्रम त्या दिवशी तसाच राहिला; संध्याकाळी उद्धवरावांनी स्वतः त्यावर गोणपाट टाकलं.