ताऱ्यांची एकजूट

तारे एकजुटीने राहतात, म्हणूनच ते चमकतात. हे वाक्य आमच्या कॉलेजच्या सभागृहात मोठ्या बॅनरवर लावलं होतं. माझ्याच व्याख्यानासाठी. माझं व्याख्यान नेमकं उलट सांगणार होतं.

मी गंगाखेडला फिजिक्स शिकवायचे. प्रवेश घटले होते. या वर्षी मुलं आली नाहीत तर बीएस्सी फिजिक्सचा वर्ग बंद, असं संस्थेने बजावलं होतं. म्हणून आसपासच्या गावांतली बारावीची मुलं बोलावली. विषय ठेवला, 'दीर्घिकेच्या मध्याजवळ तारकागुच्छ कसे तुटतात'.

प्राचार्यांनी विषय वाचला.

"मॅडम, 'तुटतात' नको. संस्थेचे अध्यक्षसाहेब मधोमध बसणार. मध्याजवळ गेलं की तुटतं म्हणजे काय?"

"सर, मी ताऱ्यांबद्दल बोलतेय."

"ते मला समजायलंय. साहेबांना कोण समजावणार?"

बॅनर बदललं.

तारकागुच्छ म्हणजे एकत्र जन्मलेले, एकमेकांच्या गुरुत्वाने बांधलेले तारे. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा अब्जावधी ताऱ्यांचा समूह; तिच्या मध्याशी वस्तुमान दाट असतं. गुच्छाची जवळची बाजू जास्त ओढली जाते, दूरची कमी. ही तफावत गुच्छाच्या आपसातल्या बांधणीला पेलली नाही की तो लांबट होतो आणि तारे दोन्ही टोकांनी सुटत जातात.

मुलं सतरंजीवर छान दाटीने बसली होती. साहेब उशिरा आले. पुढच्या मुलींना ओवाळायला उठवलं. त्यांच्या मागच्यांना हार द्यायला, मग फोटोला. सत्कार संपेना. मागची मुलं दाराकडे सरकू लागली.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"मॅडम, आमची शेवटची एसटी जायलीय."

"अरे, व्याख्यान व्हायचंय!"

"मग इतका वेळ काय चालू होतं?" एकजण म्हणाला.

पुढची मुलं स्टेजपाशी, मागची दारात, मधे रिकामी सतरंजी. मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, हीच माझी पहिली स्लाइड."

"हळू बोला. साहेब एकीवर बोलायलेत."

दारातली एक मुलगी थांबली. "मॅडम, तुटल्यावर तारे विझतात का?"

"नाही. एकेकटे चमकत राहतात."

तिने मान डोलावली आणि एसटीकडे पळाली. माझं व्याख्यान एवढंच झालं.

जूनमध्ये प्रवेशाला ती एकटीच आली. एकटीसाठी वर्ग चालत नाही. तिला परभणीच्या कॉलेजात जावं लागलं, आणि मला पर्यावरण हा विषय मिळाला. धडा इतकाच, की व्याख्यान सत्काराच्या आधी ठेवावं.

बॅनर वाया गेलं नाही. फिजिक्सच्या बंद वर्गाची एक काच फुटलीय, तिथे ते लावलंय. कबुतरं आत येत नाहीत.