अलीकडच्या काठाचं लायसन्स

परमिटकाका बोर्ड वाचल्याशिवाय पाण्याकडे बघत नसत. सिंगापूरच्या मॅकरिची जलाशयावर गळ टाकायला ठरवून दिलेली जागा आहे, तिथे नियमांचा एक बोर्ड आहे. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तोआ पायोहहून बसने तिथे जायचो, आणि दर रविवारी काका तो बोर्ड पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत ओठ हलवत वाचायचे. "काका, गेल्या रविवारचाच आहे," असं मी म्हणालो, की म्हणायचे, "आणि बदलला असला तर? पकडल्यावर तू येणार आहेस का माझ्याऐवजी?"

काका मूळचे कराडचे. कृष्णेच्या काठावर गळ टाकत मोठे झाले आणि पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात टेस्टिंगला लागले. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे, यांना मात्र परमिटकाका. कारण त्यांची ती निळी फाइल. ऑस्ट्रेलियातल्या ज्या ज्या राज्यात त्यांनी गोड्या पाण्यात गळ टाकला, तिथलं लायसन्स त्या फाइलीत होतं, प्रत्येक लॅमिनेट केलेलं. व्हिक्टोरियाचं वेगळं, न्यू साउथ वेल्सचं वेगळं, टास्मानियाचं तळ्यानद्यांचं आणखी वेगळं, क्वीन्सलँडमधल्या धरणांचं त्याहून निराळं. साउथ ऑस्ट्रेलियात साध्या गळाला लायसन्सच लागत नाही, म्हणून काका तिथे कधी गेले नाहीत. "परवानगी मागायचीच नाही, तर मग मासे तरी कशाला धरायचे?" म्हणायचे.

बरोबर जो असेल त्याचं लायसन्स काकाच काढायचे. "तुझं काढलंय," एवढंच सांगायचे आणि कागद हातात द्यायचे. आधी विचारणं नाही, नंतर बोलून दाखवणं नाही.

ही सवय त्यांना का लागली, ते मला काकांनी नाही, आमच्या साहेबांनी सांगितलं. माझ्या पहिल्याच आठवड्यात, गणपतीच्या जेवणात, हातात मोदक घेऊन, हसत हसत. कामासाठी आमची टीम मेलबर्नला जायची. एका शनिवारी साहेबांनी सगळ्यांना तळ्यावर नेलं. काकांनी लायसन्सचं विचारलं, तर साहेब म्हणाले, "अहो, इथे कोण बघतंय? टाका गळ." थोड्या वेळाने तपासणीवाला अधिकारी येताना दिसला. साहेबांनी आपला रॉड काकांच्या हातात दिला, "जरा धरा हो," म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले. अधिकारी आला तेव्हा काकांच्या हातात दोन रॉड होते आणि लायसन्स एकही नव्हतं. दंड त्यांनाच झाला. "दोन गळ आणि लायसन्स शून्य!" साहेबांनी टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली. त्या टाळीची मला आजही लाज वाटते.

साहेबांच्या गोष्टीत पुढचा भाग नव्हता, तो काकूंकडून कळला. पुढच्याच वर्षी काकांनी पीआरसाठी, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवानगीसाठी, अर्ज केला. त्या दंडाचा उल्लेख करायची गरज नव्हती, सगळ्यांनी तसं सांगितलंही. पण काकांनी सगळं सविस्तर लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. कारण कोणालाच कळवत नाहीत, पण काकांनी कारण ठरवून टाकलं. काकूंनी तोआ पायोहमध्ये दहाव्या मजल्यावरचा एक फ्लॅट मनात घेऊन ठेवला होता, पीआरशिवाय तो घेता येत नव्हता, म्हणून मनातच राहिला. यावर साहेब काय म्हणाले? "काका, तुमचा पीआर माशाने खाल्ला!" हा विनोद त्यांनी दर गणपतीत केला. काका मान खाली घालून वरण-भात कालवत राहायचे.

मला वाटायचं, काका भिडस्त आहेत. हा माझा गैरसमज. एका रविवारी त्यांच्या गळाला चांगला हातभर मासा लागला. त्यांनी हळूच गळ काढला आणि मासा नेहमीसारखा पाण्यात सोडला. मी म्हणालो, "काका, तुम्ही सगळ्यांना सोडता." त्यांनी रुमालाने बोटं पुसली. "माशाला सोडतो. माणसाला नाही," म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मी मात्र त्यांच्यापासून थोडा सरकून बसलो.

गेल्या वर्षी पुन्हा मेलबर्नचं काम निघालं. शनिवारी मरे नदीवर जायचं, हे काकांनीच सुचवलं. जागाही त्यांनीच निवडली होती, आणि आधी दोनदा एकटे जाऊन पाहून आले होते. का, ते मला तेव्हा कळलं नाही. गाडीत साहेबांनी दोन गळांची गोष्ट पुन्हा सांगितली, मग फोनवर आपलं व्हिक्टोरियाचं लायसन्स दाखवलं. "मी काय काका आहे? वर्षभराचं आहे माझ्याकडे!" काका खिडकीबाहेर बघत होते. नदीवर उतरल्यावर त्यांनी माझं लायसन्स माझ्या हातात ठेवलं. मी वाचलं, तर न्यू साउथ वेल्सचं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी डोळ्यांनी गप्प केलं.

मरेची गंमत अशी, की ही नदी दोन राज्यांची हद्द असली तरी पाणी सगळं न्यू साउथ वेल्सचं. व्हिक्टोरियाच्या काठावर पाय रोवून उभं राहा, गळ पाण्यात पडला की तो पलीकडच्या राज्यात गेला. हे तिथल्या बोर्डावर स्वच्छ लिहिलेलं होतं. काका त्या बोर्डासमोर उभे राहिले. "साहेब, जरा वाचता का?"

"बोर्ड तुम्ही वाचा, काका. आम्ही मासे धरतो."

दुपारी अधिकाऱ्यांची बोट आली. त्या जागी शनिवारी ती येते, म्हणूनच ती जागा. साहेबांनी ऐटीत फोन पुढे केला. अधिकाऱ्याने तो पाहिला आणि चालणार नाही म्हणून मान हलवली. साहेबांचा चेहरा उतरला. आणि मग सवयीने, अगदी सवयीने, त्यांनी रॉड काकांकडे केला. "काका, जरा धरा हो."

काकांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. "हात ओले आहेत, साहेब."

दंड झाला, रॉडही जप्त झाला. मला इतका आनंद झाला होता की परतीच्या वाटेवर मी तीन तास गाणी लावली.

साहेब विसरणाऱ्यातले नव्हते. पुढच्या प्रोजेक्टची यादी आली, तिच्यात काकांचं नाव नव्हतं. काम गेलं, त्याबरोबर तिथे राहायचा पासही गेला. सोळा वर्षांचं घर महिनाभरात आवरलं गेलं. चांगी विमानतळावर काकूंनी मला चिवड्याचा डबा दिला, आणि काकांनी निळी फाइल. "कराडला कोण लायसन्स विचारतंय?" म्हणाले आणि भरभर आत गेले. मागे वळून बघितलं नाही. मी तिथेच बाकावर बसून रडलो.

फाइल घरी आल्यावर उघडली. सगळ्यात शेवटचा कागद इतरांसारखा गुळगुळीत नव्हता. मुठीत दाबून चोळामोळा झालेला कागद सरळ करून, सुरकुत्यांसकट लॅमिनेट केला होता. न्यू साउथ वेल्सचं तीन दिवसांचं लायसन्स, त्याच शनिवारचं. नाव साहेबांचं. जन्मतारीखसुद्धा अचूक होती. दरवर्षी ऑफिसात केक कापतात, ती कोणाला ठाऊक नाही?

मी लगेच कराडला फोन लावला. "काका, हे तुमच्या खिशात होतं?"

"जो बरोबर असेल त्याचं काढतोच मी."

"मग दिलं का नाहीत?"

"सकाळपासून वाट बघत होतो. चुकलं माझं, एवढं म्हणाला असता तर दिलं असतं." मग म्हणाले, "नाही म्हणाला. फार बरं झालं."

गेल्या आठवड्यात साहेबांचा वाढदिवस झाला. केक मी आणला, सगळ्यांच्या सह्यांचं कार्डही मीच आणलं. कार्डाच्या आत ते लायसन्स ठेवलं. साहेबांनी हसत कार्ड उघडलं. नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, मग त्या शनिवारची तारीख वाचली. केकमध्ये रोवलेली सुरी तशीच राहिली. "हे कुठून आलं?"

"काकांनी काढलं होतं. तुम्ही रॉड पुढे केलात तेव्हा त्यांच्या खिशात होतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. टीमने पहिल्यांदाच दोन गळांची गोष्ट पूर्ण ऐकली, काकूंच्या फ्लॅटसकट. या वेळी टाळी कोणी दिली नाही. पुढच्या यादीत माझं नाव नसेल. नसो.

संध्याकाळी काकांना सगळं कळवलं. उत्तरात एकच ओळ आली. "झालं ना आता? सोड त्याला."

काकांनी सोडलं असेल. मी अजून सोडलेलं नाही.